चौथा वाटा

सरका जरा जवळ. ती ढलपी टाक रे शेकोटीत, विझायला आली. दार लावलंय ना? बरं. आता ऐका.

देवदिवाळी होऊन गेली होती. नदीचं पाणी निवळलं होतं, थंडी काठाला उतरली होती. या दिवसांत मोठा मासा काठ सोडतो. शिंगाळा काय, शिवडा काय, दोघेही मिशाळ, दोघेही डोहाच्या तळाला जाऊन बसतात आणि अंधार पडला की खायला निघतात. म्हणून शिंगाळ्याला जाणारा माणूस दिवस बुडाल्यावरच घर सोडतो. तसाच किसना भोई निघाला. खांद्यावर दोरीची गुंडाळी, कमरेला गळांची डबी, हातात कंदील.

दारात त्याची वहिनी उभी होती, हौसा. कपाळावर कुंकू. ठसठशीत. गावातल्या बायका त्या कुंकवाकडं बघून मान फिरवायच्या.

कारण काय, तर किसनाचा थोरला भाऊ ज्ञानू भादव्याच्या पुरात अडकलेलं जाळं सोडवायला गेला आणि परत आला नाही. जाळं सापडलं. होडी सापडली. ज्ञानू सापडला नाही. गाव म्हणालं, दिवस घालून टाका. हौसा म्हणाली, "मला दाखवा, मग पुसा." कोण दाखवणार?

आणि किसना? पोराचं अन्न तुटलं होतं. आईबाप लहानपणीच गेलेले. ज्ञानूनं त्याला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं. चौथीत शाळेतून पळून नदीवर आला, तेव्हा ज्ञानूनं कानाखाली मारायचं सोडून हातात गळ दिला. असा भाऊ. तो जिवंत नाही, हे किसनाला कळत होतं. त्याला हाडं पाहिजे होती. नुसती हाडं. ती मिळाली की वहिनीची वाट बघणं संपेल, आणि आपलीही रात्र संपेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"भावजी, बघून या," हौसा म्हणाली.

"व्हय," म्हणाला आणि निघाला.

उसाच्या फडाच्या कोपऱ्यावर त्याचे दोन जोडीदार बसले होते, भिवा आणि तय्यब. ज्ञानू होता तेव्हा चौघे मिळून मासे मारायचे. होडी ज्ञानूची, अंगमेहनत सगळ्यांची.

तय्यब म्हणाला, "पुलाखाली बसू. कातळवाटेनं नको."

ही कातळवाट चुलीच्या डोहाला उतरते. डोहाच्या तोंडाशी खडक आहेत, चुलीच्या दगडांसारखे. त्यांच्यामध्ये पाणी गरगरत असतं. ज्ञानूचं जाळं तिथंच सापडलं होतं.

"तिथंच जायचं," किसना म्हणाला.

"आरं, तुझं काय हरवलंय तिथं?" भिवा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

किसनानं दोरीची गुंडाळी सावरली. वाटेला लागला. हे दोघे मुकाट मागून. एकट्याला कसं सोडायचं?

खाली गेले. होडी तिथंच खुंट्याला बांधलेली असायची. काठाला काठ्या रोवल्या, दोऱ्या सोडल्या, प्रत्येक काठीला घुंगरू. मासा लागला की घुंगरू वाजतं. आणि त्या रात्री वाजायचं थांबेना. हाताएवढे शिंगाळे. एक शिवडा तर तय्यबच्या मांडीएवढा. दिवसभर उपाशी असल्यासारखे मासे गळाला येत होते. भिवा म्हणाला, "आज डोह उलटा झालाय का काय?" तय्यब म्हणाला, "गप खा की मिळतंय ते."

मग वाटणी करायला बसले. आता पाहुण्यांसाठी सांगतो, भोयांची वाटणी कशी असते. सारखे ढीग लावायचे. एकानं पाठ फिरवून बसायचं. दुसऱ्यानं एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव पडलं, त्याचा तो वाटा. लहान असो, मोठा असो, कुरकुर नाही. आणि एकदा पडलेलं नाव फिरवायचं नाही. आणखी एक. ज्यानं वाटा घेतला, त्यानं रात्री जागायची पाळी द्यायची. फुकट कुणी खायचं नाही.

ढीग चार लागले. तिघांचे तीन आणि होडीचा एक. होडीचा वाटा हौसाच्या घरी जायचा.

किसना पाठ फिरवून बसला. समोर काळोख, मागं नदी.

"हा कोणाचा?"

"भिव्याचा."

"हा?"

"तय्यबचा."

"हा?"

"माझा."

"आणि हा कोणाचा?"

"दादाचा," किसना म्हणाला.

तय्यबचं बोट तिथंच राहिलं. भिवा हळू म्हणाला, "होडीचा म्हण, किसना."

"होडी कुणाची? दादाचीच ना? मग दादाचा."

"बाबा, असं नसतं. जिवंत माणसाचंच नाव घ्यायचं..."

"नाव पडलंय," किसना उसळला. "फिरवायचं न्हाई."

इतकंच. सवयीनं गेलं म्हणा, दुःखानं गेलं म्हणा, तोंडातून गेलं. वाटा नावावर झाला. आणि ज्याचा वाटा, त्याची पाळी.

शेकोटीजवळ आडवे झाले. पहिली पाळी तय्यबची झाली. मग भिव्याची. मग किसना उठून घुंगरांकडं कान लावून बसला.

ऐका आता. शेवटच्या काठीच्या पलीकडं घुंगरू वाजलं. किसनानं कंदील वर धरला. तिथं आणखी एक काठी होती. ओली. ती त्यांच्यातल्या कुणी रोवली नव्हती. दोरी पाण्यात ताणलेली, पण ओढ उलटी. आत मासा ओढतो तशी नाही. आतून कुणी काठावर गळ टाकून बसावं, तशी.

तो मागं आला. चौथ्या ढिगाकडं बघितलं. पळसाची पानं होती, मासे नव्हते. काटासुद्धा नव्हता.

माणसानं इथं ओरडायला पाहिजे की नाही? जोडीदारांना उठवायला पाहिजे. किसनानं नाही उठवलं. त्याच्या छातीत काहीतरी हललं होतं, आणि ती भीती नव्हती.

पाठीमागून आवाज आला. "झोप तू आता. माझी पाळी."

तोच आवाज. थोडा घोगरा, तंबाखू दाढेला धरून बोलल्यासारखा. काठावर एक माणूस बसला होता. तोंड पाण्याकडं, पाठ शेकोटीकडं. सदरा अंगाला चिकटलेला. पाणी निथळत होतं आणि वाळूत मुरत नव्हतं.

"दादा," किसना म्हणाला.

"थंडी वाजते रं. पांघरूण आणलंस का?"

किसनानं आपली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. हात लागला. गाळात हात घालावा, तसं लागलं. तरी पोरानं हात मागं घेतला नाही.

"दादा, वहिनी अजून कुंकू लावती."

"लावू दे."

"लोक बोलत्यात तिला. तू कुठं हाईस, तेवढं सांग. मी बुडी मारतो, तुला वर काढतो. मग ती मोकळी हुईल."

त्यानं घोंगडी ओढून घेतली. मग म्हणाला, "होडीत बस. दाखवतो."

बसला. अहो, बसला की! कोण नाही बसणार? तुमचा भाऊ बोलावील तर तुम्ही नाही बसणार?

होडी सुटली. वल्ही आडवी पडलेली आणि होडी चालली. पुढं तो, पाठमोरा. होडी पुढून दबली होती, पुढं चार माणसं बसावीत तेवढी. खडकांच्या मधोमध आली आणि थांबली. पाणी भोवती गरगरत होतं, होडी जागची हलेना. फळ्यांमधून पाणी आत यायला लागलं. किसनाचे घोटे बुडाले.

"कुठं, दादा?"

"पाठ फिरव. वाटणी करू."

"वाटणी झाली की."

"ती माशांची. फिरव पाठ."

लहानपणापासून दादा म्हणेल ते करायचं, हीच सवय. किसनानं पाठ फिरवली. दूर काठावर शेकोटी दिसत होती, नखाएवढी.

"हा कोणाचा?" मागून आवाज आला.

किसनाला दिसत नव्हतं. पण मानेखाली, पाठीच्या कण्यावर, एक गार बोट टेकलं होतं.

तेव्हा त्याला उमगलं, ढीग कुठला ते. त्याला हेही कळलं, की दादा काहीही दाखवणार नाही. हाडं नाहीत, जागा नाही, तिथं नुसती भूक बसलीय आणि ती दादाच्या आवाजात बोलतेय. सगळं कळलं. आणि तरीसुद्धा पोरानं तोंड उघडलं. "तुझा" म्हणायलाच उघडलं. घरी जाऊन त्या कुंकवाकडं बघण्यापेक्षा हे सोपं होतं.

"हा कोणाचा?"

इकडं काठावर भिवाला जाग आली होती. डोहातून मेलेल्या ज्ञानूचा आवाज येतोय, आणि तो वाटणी विचारतोय. दुसरा असता तर पळाला असता. पण भोयाचं पोर. त्यानं नदीकडं पाठ केली, डोळे मिटले आणि छाती फुटेपर्यंत ओरडला, "भिव्याचा! तो भिव्याचा वाटा हाय!"

नाव पडलं.

बोट पाठीवरून निघालं. होडी एकदम हलकी झाली, गर्रकन फिरली आणि पाण्याखाली गेली. तय्यबनं दोरी कमरेला बांधून उडी टाकलीच होती. त्यानं किसनाला केसाला धरलं. भिवानं दोरी ओढली. किसना त्यांना मदत करत होता म्हणता? तो तय्यबच्या हाताला चावत होता.

वाळूवर आणून टाकला तेव्हा पाणी ओकला आणि भिवाच्या थोबाडीत मारली. "कशाला बोललास तू? सांगणार हुता तो मला."

"न्हवता सांगणार," भिवा म्हणाला.

"मला ठाव हाय न्हवता सांगणार," किसना म्हणाला, आणि मग जो रडायला लागला, तो उजाडेपर्यंत.

सकाळी घरी गेला. हौसा दारातच होती. तिनं त्याची खाली घातलेली मान बघितली, ओले कपडे बघितले. "दिसले?" तिनं विचारलं. तो काय सांगणार? आवाज ऐकला म्हणावं, तर ती त्याच संध्याकाळी कातळवाटेला लागली असती. "न्हाई," म्हणाला. ती आत गेली आणि चुलीवर पाणी ठेवलं. कुंकू आजही आहे. किसनाच्या पाठीवर बोटाएवढा पांढरा डाग आहे, तोही आहे.

बघायचं असेल तर जा. दिवस बुडताना तो उसाच्या फडाच्या कोपऱ्यावर येऊन बसतो, वाटेच्या तोंडाशी. भिवा शेजारी बसतो. वाटा त्याचा, पाळीही त्याची. किसना उठला की भिवा त्याचा सदरा धरतो.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर कातळवाटेनं उतरू नका. शिंगाळे मिळू देत, नाही तर सोनं मिळू दे. भीती वाटेल म्हणून सांगत नाही. भीती वाटली तर माणूस पळून तरी येतो. तिथं बरं वाटतं.