साकराबाईला जामीन कोण?

मंडळी, गरिबाला आपण काय देतो? भाकरी देतो, जुनं लुगडं देतो. चांगलंच करतो! पण त्याच्यावर विश्वास टाकतो का? — हसू नका मावशी, तुम्हालाच विचारतोय!

ऐका तर. एक होती साकराबाई. पाटे-वरवंटे घडवायची, गाढवावर लादून गावोगाव विकायची. नवरा मागंच वारलेला. अन् त्या साली गाढवही मेलं! आता दगड वाहायचे कुणी?

गेली बिचारी बायकांच्या बचत गटाच्या बैठकीला. म्हणाली, "गाढव घ्यायला कर्ज पाहिजे."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या! गटाचा नियमच तसा — एकीनं बुडवलं, तर बाकीच्यांनी भरायचं. अध्यक्षा अनसूयाबाई. जीव मोठा मऊ हो! पण म्हणाल्या, "साकरे, तुझं पालाचं बिऱ्हाड आज इथं, उद्या तिथं. तुला शोधायचं कुठं? त्यापरीस ही पायलीभर ज्वारी ने. परत नको करूस."

आपणही हेच केलं असतं, नाही का?

साकराबाईनं हात जोडले. "आक्का, फुकट घेतलं की तुमच्या दारावरनं मान खाली घालून जावं लागंल. कर्ज द्या. फेडायला ताठ मानेनं येईन!"

पण जामीन कोण राहणार? कोपऱ्यातनं म्हातारी गजराबाई उठली. "मी ऱ्हाते! माझा पाटा झिजला की हीच छिन्नीनं टाकी लावून देती. एकदा घर उघडं टाकून मी रानात गेले, तर ही पोर सगळी कामं सोडून दारात राखण करत बसली."

झालं! गाढव आलं. पहिल्या हप्त्याचा दिवस उजाडला — अन् साकराबाई नाही! बायका कुजबुजल्या. गजराबाई नुसती वाटेकडं बघत होती. हप्त्याची काळजी? छे हो! "पोरीला काय झालं तर नसंल?"

बैठक उठता उठता आली. लंगडत, धुळीनं माखून! गाढवाचा पाय मुरगळलेला. म्हणून त्याला पालावर ठेवलं, पाटा डोक्यावर घेतला, ओझ्यानं हिचाही पाय लचकला, तरी बाजार गाठला, विकला — अन् हप्ता घेऊन हजर!

अनसूयाबाई कळवळल्या. "अगं, निरोप धाडायचास! थांबलो असतो की आम्ही!"

"थांबला असता?" साकराबाई बघतच राहिली. मंडळी, तिच्यासाठी आजवर कुणी थांबलंच नव्हतं हो! तिथंच बसली, अन् लेकरासारखी रडली. गजराबाईनं तेल मागवलं, तिचा पाय मांडीवर घेतला. "वेडे, पाटा डोक्यावर नेत्यात व्हय?"

आता घरी जाल, तेव्हा एवढं आठवा. दारी आलेल्याला भाकरी जरूर द्या! पण ज्याला तुम्ही वर्षानुवर्षं देताय — त्याचं नाव तरी ठाऊक आहे का हो तुम्हाला?

टाळ का थांबले? वाजवा टाळ! विठ्ठलाला तरी ऐकू द्या, की आपण जागे आहोत!