पाच संकल्प आणि एक जाळे

हा चहा मी एकदा देवापुढे सोडला होता, हे तुम्हां मंडळींना ठाऊक नसेल. थळच्या शाळेत मास्तर असताना पाडव्याला मी पाच संकल्प केले: चहा वर्ज्य, पहाटे स्नान, नित्य पोथी, क्रोधत्याग आणि स्वहस्ते विणलेले एक जाळे. शेजारच्या हिराबाय कोळिणीचे जाळे वादळात गेले होते. तिच्याकडूनच विद्या शिकून नारळी पौर्णिमेपूर्वी तिला ते द्यायचे होते.

जाळ्याचे प्रत्येक भोक बांबूच्या पट्टीवर मापतात. घाईपायी मी पट्टी बाजूला ठेवली. महिन्याने हिराबायने जाळे उजेडात धरले.

"मास्तर, यातून पापलेट हसत जाईल न्हाय का? पट्टी कुठं हाय?"

"वेळ वाचवला, बाय. आणखी चार संकल्प आहेत."

"व्हय? मंग देवाला बी घाईतच हात जोडता?"

तिने सारे जाळे उसवले, पट्टी माझ्या हाती दिली आणि पहिली गाठ बसेपर्यंत शेजारी बसून राहिली.

चार संकल्प मी देवाला परत केले. पौर्णिमेला तिच्या लेकाने माझे जाळे होडीत घेतले आणि समुद्राला नारळ माझ्या हातून वाहविला. एवढा मान मला कोणी दिलेला नाही.

पुढे एकेक संकल्प घेतला व पुरा केला. चहा तेवढा उरला आहे. ओता अर्धा कप.