हात आत आणि लाइट आली

हसू नका बे, त्या दिवशी मी वर गेलतोच. तवा आमच्या केज गावात व्हिडिओ गेमचं खूळ नवं होतं आणि मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो. मन्मथअप्पांच्या दुकानातल्या गेमचं चित्र थरथरायचं, म्हणून त्यांनी मला जुने कंडेन्सर बदलायला बोलावलं.

भर दुपारी लाइट गेलेली. लाइटच न्हाई तर भ्यायचं कशाला, म्हणून मी गेमची पिन काढलीच न्हाई. सोल्डरचा डाग द्यायची सळई स्टोव्हवर तापवली आणि गेमच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला.

तेवढ्यात गल्लीतली पोरं ओरडली, "आली रे आली!"

बाजूचा टेबल फॅन गरगरायला लागला. पिक्चर ट्यूबची जाड वायर माझ्या बोटांपासून इंचभरावर. हात जरा हलला असता तर खेळ खलास.

"अप्पा, पिन काढा!"

"दोन हायेत की! कंची काढू?"

"दोन्ही काढा!"

अप्पांनी डोळे मिटून दोन्ही एकदम उपटल्या. फॅन थांबला. पण माझा हात भ्यानं आतच आखडून बसला, बाहेर येईना. अप्पांनी दोन्ही पिना माझ्यासमोर धरल्या.

"लई घाम आलाय की तुला. थांब, फॅन लावतो. यातली त्याची कंची?"