अक्षराचं तोंड कुणीकडे

हॅलो?… पप्पा, जय भीम! शिफ्ट चालू असताना तुमचा फोन?… नाही हो, मीच करणार होते… हो, आला मेल. कॅनडातून… अहो सांगते ना, आधी ऐका तरी!

मी फोनसाठी काढलेली अक्षरं पास झाली! सगळीच्या सगळी! एकही अक्षर परत आलं नाही!

…चेष्टा कशाला करू? तिथल्या आदिवासी आजीबाईंनी स्वतः एकेक तपासलं, त्यांच्याच भाषेची अक्षरं ना… हो हो, त्याच. मागच्या खेपेला ज्यांनी माझी बिनपाण्याने हजामत केली होती!… मग, चूक माझीच होती ना. त्यांच्या लिपीत अक्षराचं तोंड फिरलं की उच्चार फिरतो. एकच आकार, डावीकडे तोंड केलं की 'पा', उजवीकडे केलं की 'पू'. आणि मी आख्खा संच उलटा काढलेला!… हसू नका, तुमच्या टूलरूमचीच सवय ती. ठशावर अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे पत्र्यावर सुलटं उमटतं. हात तिथेच घडला माझा. पण फोनच्या पडद्यावर ठसा कुठे मारायचाय?

…नंबर? ते आधीच मिळालेत. आपल्याकडे प्रत्येक पार्टला नंबर असतो ना, तसा जगातल्या प्रत्येक अक्षरालाही लागतो. तरच फोनला ते ओळखता येतं… त्यांची काही अक्षरं त्या नंबरांच्या यादीतून राहूनच गेली होती. नातीचं नाव लिहायला जावं, तर मधेच रिकामा चौकोन!… आता? आता आजीबाईंनी नातीला मेसेज केलाय. त्यांच्या भाषेत, त्यांच्या अक्षरांत. एक चौकोन नाही, पप्पा! फोटो पाठवलाय मला. किती वेळा बघितला, विचारू नका.

…हो, दिला होता शब्द. या खेपेला नापास झाले तर गुमान चाकणला येऊन तुमच्या कंपनीत परत रुजू होईन… आहे लक्षात. आता विसरा तो! पुढच्या भाषेचं कामही मलाच दिलंय!

…पप्पा?… बोला ना काहीतरी… नुसता मशिनचा आवाज येतोय… हॅलो?

कोण?… दिग्विजयकाका! पप्पांचा फोन तुमच्याकडे कसा?… थँक्यू, थँक्यू!… सगळ्यांनी ऐकलं? स्पीकरवर टाकला होता त्यांनी?… आणि गेले कुठे?… पेढे आणायला? भर शिफ्टमध्ये? गेटपास न घेता?… अहो काका, ताईच्या साखरपुड्यालासुद्धा शिफ्ट संपवूनच आलेला माणूस आहे तो!

थांबा, ठेवते मी. आईला आधी हे सांगते, पास झाल्याचं मग!