बोलायची परवानगी

साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर म्हातारा दुभाषा पुस्तकात तोंड खुपसून बसला होता. शेजारी दोन देशांचे दोन वनरक्षक, दोन्ही भाषांची सरमिसळ करत गप्पा मारत होते. आत दोन्हीकडचे साहेब सीमेवरचं जंगल मिळून राखायच्या करारावर सह्या करत होते.

"तुझी हत्तीण पुन्हा माहेरपणाला आलीय बरं का. पिल्लासकट!"

"ठेवून घे चार दिवस. आमच्याकडे पाणी आटलंय."

"पाणवठा भरलाय मी. शिकारी दिसले तर मात्र शिट्टी मार, मागच्यासारखी."

"हळू बोल, बाबा! बारा वर्षं चोरून बोलतोय हे कळलं, तर दोघांचीही नोकरी जाईल."

"आणि या आजोबांनी ऐकलं तर?"

"ते कसले ऐकतायत! वहिनींचा गुडघा कसा आहे?"

दार उघडलं.

"आजपासून तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची परवानगी," साहेब म्हणाले. "भाषेची अडचण नको म्हणून हे दुभाषे बोलावलेत."

दोघांचे चेहरे पांढरेफटक पडले. एकाने कसेबसे हात जोडले. "नमस्कार."

आजोबांनी पुस्तक मिटलं, घसा खाकरला आणि दुसऱ्याला त्याच्या भाषेत गंभीरपणे सांगितलं, "ते म्हणतात, पहिल्यांदाच भेटतोय, फार आनंद झाला."