काटा साठवर, गाडी सदुसष्टनं

मीटरवर साठ दिसतंय म्हणून गाडी साठनंच पळती, असं समजू नका गं. माझं ऐका आधी.

दादाची जीप घेऊन मी आईला गारगोटीला मावशीकडं नेत होते. काटा साठवर. एका वळणावर गाडी अशी बाहेर ओढली गेली की आईनं किंचाळून माझा दंडच धरला.

“तुला गाडी येत न्हाय! दादा पण साठनंच नेतोय की, पोटातलं पाणी हलत न्हाय!”

माझं डोकं फिरलं. येताना आईला फोनवर वेग बघायला लावला. काटा साठवर, फोनवर सदुसष्ट! मग रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले. दहा दगड मागं गेले, तरी मीटर नऊच किलोमीटर पुढं सरकलेला.

घरात पाऊल टाकलं आणि दादाला धरलं. “तुझा मीटर खोटं दाखवतोय, ठाऊक हाय का?”

तर हा हसतोय! “व्हय की. मोठी टायरं बसवल्यापासनं कमीच दाखवतोय. असू दे. आईची नजर सारखी काट्यावर. साठ दिसलं की गप बसती.”

“आणि आज आमचा जीव गेला असता म्हंजे?”

“गेला का?”

आई दारात चपला काढत होती, तिनं सगळं ऐकलं. सरळ आत आली, माझ्या हातातली चावी घेतली आणि कनवटीला खोचली.

“एवढे दिवस माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस व्हय रं? जुनी टायरं बसव. तवर चालत जा!”