शहाण्यांनी निघताना काय म्हणावं

माझं नाटक कावून अर्धं राहिलं, ते तुमी दर टायमाला इचारता अन् मी टाळतो. आज सांगतो, ऐका बे.

नाटकात एका घरातला तरणा पोरगा गेलेला. त्याच्या बापाला धीर द्यायला तीन थोर विचारवंत एकदमच येतेत. एक ग्रीसचा, एक चीनचा, एक आपला. मग मरण म्हंजी काय, यावर तिघांची जुंपते. धारूरच्या किल्ल्याखाली शेरडं राखणारे भागामामा भेटले, त्यांनाच लिहिलं तेवढं सगळं वाचून दाखवलं.

मामा म्हणले, "मास्तर, ही माणसं लई बोलतेत. अन् निघताना तिघंबी 'येतो' म्हणतेत. मयताच्या घरातून उठताना 'येतो' म्हणू न्हाई. तसल्या कामाला पुन्हा यायला लागू न्हाई."

"मामा, जगातले मोठे विचारवंत हायेत ते!"

"असतील की. पर त्यांच्या गावात कुणी मेलंच न्हाई का?"

मी लई हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तीबी हसली.

दोन महिन्यांत तीच गेली. येणारा जाणारा म्हणायचा, आत्मा अमर असतो, देवालाबी चांगलीच माणसं लागतेत. मामा आले अन् भिंतीला टेकून बसले. दिवस मावळेपर्यंत तोंडातून एक शब्द न्हाई. मग टोपी झटकून उठले अन् 'येतो' न म्हणताच निघून गेले.

सकाळी दार उघडलं, तर मामा ओट्यावर येऊन बसलेले.